बहात्तर झाकणं

"आवाजावरून माणूस घरात आहे का एवढंच नाही कळत, तो जेवलाय का तेही कळतं," असं वनजक्का एकदा म्हणाली होती.

तिम्मण्णा लाइनमन तेव्हा एक्स्चेंजच्या उंबऱ्यात बसून तळपायातला काटा काढत होता. त्याला ही बढाई वाटली.

"मग सांग अक्का, मी जेवलोय का?"

"जेवलायस. पण घरी नाही. घरी जेवून आलास की तुझ्या आवाजात थोडं भांडण उरलेलं असतं."

तो वासुदेवच्या हॉटेलात तीन दोसे खाऊन आला होता. घरी सकाळपासून चूल आणि बायको दोघी धुमसत होत्या. त्याने पुन्हा काट्यात डोकं घातलं. पण त्या दिवसापासून खांबावर चढलेला असताना, खाली रान आणि वर आभाळ, दुसरं काहीच नसताना, त्याला उगाच वाटायचं की या तारांमधून जे काही जातंय ते सगळं एका बाईच्या कानात जाऊन पडतंय. डोंगरातले झरे कुठूनही निघाले तरी खालच्या एकाच तळ्यात येऊन गप्प व्हावेत, तसं.

हळेमक्कीत बहात्तर फोन होते. पोस्टाच्या मागे एक कौलारू खोली, तिला एक खिडकी, आणि खिडकीशेजारी भिंतीला टेकवलेला लाकडी बोर्ड. बोर्डावर ओळीने बसवलेली रुपयाएवढी पितळी झाकणं. कुठल्या घरात कुणी फोनची मूठ गरगर फिरवली की त्या घराचं झाकण टक्क करून खाली पडायचं. वनजक्का दोरीचं टोक त्या भोकात खुपसायची आणि म्हणायची, "बोला." मग दुसऱ्या दोरीने दुसरं घर. वरवर पाहिलं तर काम एवढंच. पण तिम्मण्णाने तिला बोर्डाकडे पाठ करून भाजी निवडताना पाहिलं होतं. मागे टक्क व्हायचं आणि ती न वळता म्हणायची, "मंडीवाले," किंवा "शिवराम हेगडे," किंवा "शाळा, आज पुन्हा पाणी आलं नसणार." बहात्तर झाकणांचे बहात्तर आवाज. तिम्मण्णाने एकदा डोळे मिटून दिवसभर कान दिला, त्याला दोनसुद्धा वेगळे ओळखता आले नाहीत.

फोनला नंबर होते. सरकारने छापून पाठवलेली पातळ यादी होती, ती भजी बांधण्यात संपली. नंबर सांगून फोन मागणारा माणूस परगावचा समजायचा. बाकीचे मूठ फिरवून नुसतं म्हणायचे:

"वनजा, डॉक्टर दे."

"डॉक्टर प्रभू घरी नाहीत. सकाळी हुलीकट्ट्याला बाळंतपणाला गेलेत. कुणाला काय झालंय?"

"आमच्या धाकट्याला ताप."

"अंगावर पुरळ आहे? नाही ना? मग कपाळावर ओली पट्टी ठेवा. येताना डॉक्टर शानभागांच्या दुकानात पान खायला थांबतील, तिथं निरोप ठेवते. ठेवू नका, शोधते."

हे तिचं रोजचं वाक्य. ठेवू नका, शोधते. मग ती एकेक घर उठवायची. डॉक्टर इथे आले होते का? इथून कुठे गेले? एखाद्या वाटेवर फोनच नसला तर खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारायची, "वासुदेवा, सायकल काढ!" आणि तेवढा वेळ पलीकडचा माणूस रिसिव्हर कानाला लावून बसून राहायचा. तारेतून कधी घरघर यायची, कधी टुणटुण, कधी काहीच नाही. घाबरायचं कुणाला कारण नव्हतं. वनजा शोधतेय. पाच मिनिटं लागो, अर्धा तास लागो, माणूस सापडायचा. तिम्मण्णाच्या आठवणीत न सापडलेला माणूस एकच, आणि तो नंतर कळलं की विहिरीत होता.

त्र्याहत्तर सालच्या वणव्याची गोष्ट हळेमक्कीतले लोक अजून सांगतात, पण ते आगीची सांगतात. तिम्मण्णाला आठवतं ते वेगळं. चैत्रातली दुपार, बेट्ट्याच्या, गावावरच्या डोंगराच्या, माथ्यावर धूर दिसला आणि तो धावत एक्स्चेंजमध्ये आला. वनजक्काने धूर पाहिला नव्हता, पण एका मागोमाग पडलेल्या तीन झाकणांवरून तिला दिशा कळली होती. तिने बोर्डाची मूठ धरली आणि घंटा द्यायला सुरुवात केली, न थांबणारी, लांबलचक. आधी सगळ्यात लांबची घरं. तिम्मण्णा ओरडला, "अक्का, आग इथं जवळ आहे आणि तू तिकडं कुठं?"

"लांबच्यांना चालायला वेळ लागतो. ते आधी निघाले की सगळे एकदम पोचतील."

आणि पोचले. चाळीस मिनिटांत चारी बाजूंनी माणसं, हातात हिरव्या फांद्या, अंगावर ओली पोती. सुपारीच्या बागांना झळ लागली नाही. त्या दिवशी उतरत्या उन्हात ती पाठ टेकून बसली होती आणि मूठ फिरवून तिच्या तळहाताला फोड आले होते. तिम्मण्णा तिच्याकडे पाहत राहिला. साडेचार फूट उंचीची, काळीसावळी, नाकात चमकी, पदराला कसलातरी डाग. हिने आत्ता इथे बसून एवढा मुलूख हातात उचलला होता, खुर्चीवरून न उठता.

आता हे सांगायला हवं की ती मडिवाळांची होती. तिचा बाप आणि नंतर भाऊ, दोघांनी हळेमक्कीचे कपडे धुतले. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, गाठीशी सातवीपर्यंतचं शिक्षण आणि गोड, सावकाश आवाज. त्या वेळचे पोस्टमास्तर भला माणूस. त्यांनी तिला बोर्डावर बसवलं तेव्हा चार मोठ्या घरांनी कुरकुर केली. पोस्टमास्तर म्हणाले, "तारेला विटाळ लागतो का, ते तुम्ही आधी ठरवा, मग कळवा." कुणी कळवलं नाही.

अठ्ठावीस वर्षं तिने त्या घरांच्या सगळ्या गोष्टी ऐकल्या. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाचा मुलगा मुंबईहून पत्र का लिहीत नाही, कुणाच्या छातीत कळ येते पण बायकोला सांगू नको म्हणून. एकही गोष्ट एका घरातून दुसऱ्या घरात गेली नाही. लोक फोनवर तिला अक्का म्हणायचे, आणि बाजारात तिच्या अंगावरून निघून जायचे, कारण तिला पाहिलेलं फारसं कुणी नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं त्यांना ती गंगू मडिवाळची बहीण वाटायची. ही आणि ती एकच हे मनात आणायची कुणाला गरज पडली नाही.

त्या बहात्तर घरांत एक घर सगळ्यात शेवटचं होतं. केळगिनमने. गावापासून सात मैल, रानातून दोनशे एकोणतीस खांब, आणि शेवटच्या खांबाखाली ते घर, बाग, आणि दोनच माणसं. महाबळ हेगडे आणि त्यांची बायको दाक्षायणम्मा. मुलगा बंगळुरात. हेगड्यांची डावी बाजू लुळी पडलेली, आणि दाक्षायणम्मांचे डोळे हळूहळू विझत गेलेले. आधी सुई दिसेना, मग तांदळातले खडे, मग दारात उभा असलेला माणूस.

दाक्षायणम्मा रोज दुपारी दीड वाजता मूठ फिरवायच्या. तिम्मण्णा त्या वेळी कधी खांबावर असला की आपला तपासायचा फोन तारेला लावायचा. ऐकू नये हे त्याला कळायचं, पण तो ऐकायचा.

"वनजा, जेवलीस?"

"जेवले अम्मा."

"काय?"

"ब्राह्मीची तंबळी आणि भात."

"ताक आंबट होतं का गं? तुझा आवाज आंबट येतोय."

"तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? हेगड्यांना भरवलं. एक घास तोंडात आणि तीन टीका. मीठ कमी म्हणे. मी म्हटलं, अर्धं अंग झोपलंय, जीभ तेवढी झोपायची राहिली."

मग दोघी हसायच्या. दोन बायका, एकमेकींना कधी न पाहिलेल्या, अठ्ठावीस वर्षं. तिम्मण्णा खांबाला मिठी मारून तसाच राहायचा. त्याला वाटायचं, तार म्हणजे तांबं. तांब्याला एवढं कुठून कळतं?

नवं यंत्र एकोणनव्वदच्या माघात आलं. राखाडी कपाट. त्यात पडणारं काही नव्हतं, फिरणारं काही नव्हतं, काही बारीक लाल दिवे तेवढे लुकलुकत होते. बरोबर जिल्ह्याहून नागभूषण नावाचा तरुण इंजिनियर आला होता. चांगला मुलगा. वनजक्काला अम्मा म्हणायचा, तिच्यासमोर खुर्चीवर बसायचा नाही.

"आता मधे माणूस लागणार नाही अम्मा. ज्याला हवं त्याने नंबर फिरवायचा, थेट लागेल. रात्री-बेरात्री, केव्हाही."

"मधल्या माणसाने काय बिघडवलं होतं?"

"काहीच नाही," तो म्हणाला, आणि त्याने ते मनापासून म्हटलं.

तिने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्याला म्हणाली, "एकच लाइन जुन्या बोर्डावर राहू द्या. केळगिनमनेची. बोर्ड मी माझ्या घरी नेते. पगार नको."

"एका घरासाठी एक बोर्ड? वर काय लिहू?"

"लिहा की तिथल्या बाईंना दिसत नाही. आणि त्यांच्या नवऱ्याला केव्हा काय होईल सांगता येत नाही. त्यांना डॉक्टर मिळाला पाहिजे. बाकी तुमचं यंत्र तुम्हाला लखलाभ."

नागभूषणने लिहिलं. तिम्मण्णाने तो कागद टपालात पडताना पाहिला. उत्तर आलं नाही. आलं ते वनजक्काच्या बदलीचं पत्र, जिल्ह्याच्या ऑफिसात, आवक-जावक टपालाच्या टेबलावर.

हातात अकरा दिवस होते. तिम्मण्णाला प्रत्येक घरात जुना फोन काढून नवा, डायलचा, बसवायचा होता. वनजक्का म्हणाली, "मी येते. शिकवल्याशिवाय फोन ठेवून यायचं नाही."

अशी ती प्रथमच आपल्या बहात्तर घरांत निघाली. पहिलंच घर शिवराम हेगड्यांचं. हेगडे ओट्यावर बाकावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली, तिम्मण्णाची शिडी पाहिली, त्याच्यामागची बाई पाहिली आणि म्हणाले, "धुणं मागच्या दाराला आहे बघ."

वनजक्का खाली अंगणातच थांबली. म्हणाली, "हेगडे, उजव्या गुडघ्याचं कसं आहे? ते तेल लावलंत का, की बाटली अजून कपाटातच?"

अडकित्ता हातातून सुटला. हेगडे उभे राहिले. सत्तरीचा माणूस, दुखऱ्या गुडघ्यावर, कुठलाही आधार न घेता ताडकन उभा राहिला. तिम्मण्णाने हे त्या अकरा दिवसांत घरोघरी पाहिलं. लोक आधी एका बाईकडे बघायचे, मग ती बोलायची, आणि मग त्यांची नजर तिच्यावर ठरेना. जणू त्यांच्याच मनातला एखादा कोपरा पायांनी चालत अंगणात येऊन उभा राहिला होता. काही घरांनी तिला ओट्यावर बसवलं. काहींनी आत नेलं. एका घरात म्हातारी सासू तिच्या पायांकडे बघत रडली, कशासाठी ते तिने सांगितलं नाही. एका घरात दार अर्धंच उघडलं आणि तिथे वनजक्काने दारातूनच शिकवलं, तितक्याच सावकाश.

केळगिनमने शेवटच्या दिवशी. तिम्मण्णा शिडी घेऊन पुढे गेला.

"कोण आलंय रे तुझ्याबरोबर? पावलं हलकी आहेत," आतून दाक्षायणम्मांनी विचारलं.

"मी," वनजक्का म्हणाली.

आत काहीतरी भांडं पडलं. दाक्षायणम्मा भिंतीला हात लावत लावत उंबऱ्यापर्यंत आल्या. उंच, वाळलेली, पांढरी बाई. त्यांनी हात पुढे केला आणि हवेत चाचपला, वनजक्काच्या डोक्याच्या बराच वर.

"अगबाई, एवढीशीच आहेस? मी तुला चांगली उंचपुरी धरून चालले होते!"

"फोनवर उंची दिसत नाही अम्मा."

"ये, आत ये."

वनजक्का हलली नाही. पोटमाळ्याखालच्या खाटेवरून महाबळ हेगड्यांचा घोगरा आवाज आला. अर्धं तोंड हलत होतं, तरी शब्द कळले. "अठ्ठावीस वर्षं कानात येतेस, आता घरात यायला मुहूर्त बघतेस का?"

ती आत गेली. दाक्षायणम्मांनी धन्या-जिऱ्याचा कषाय केला, सगळा अंदाजाने, एक थेंब न सांडता. तिम्मण्णाने स्वयंपाकघराच्या दाराशी, खाटेला लागून, नवा फोन लावला. मग शिकवणं सुरू झालं. वनजक्काने दाक्षायणम्मांचं बोट धरून डायलच्या भोकांवरून फिरवलं. हे एक, हे दोन. डॉक्टरांचा नंबर दोन, एक, चार. दाक्षायणम्मांची बोटं हुशार होती. चौथ्या खेपेला त्यांनी एकटीने बरोबर फिरवला, आणि डॉक्टर प्रभूंच्या कंपाउंडरने उचललं तेव्हा त्यांनी घाबरून रिसिव्हर वनजक्काच्या हातात दिला.

"जमलं की अम्मा!"

"जमलं. पण उचलल्यावर आधी तो भुंगा कसला वाजतो?"

"तो यंत्राचा आवाज. तो आला की नंबर फिरवायचा."

"म्हणजे तू नाहीस?"

"नाही."

"मग कोण आहे तिथं?"

"कोणी नाही अम्मा."

दाक्षायणम्मांचा चेहरा उतरला. त्यांनी रिसिव्हर पुन्हा कानाला लावला आणि लगेच काढला, गरम भांड्याला हात लागावा तसा. "कोणी नाही, तर आवाज कुणाचा? असल्या आवाजाशी मी बोलू कशी? मी नाही याला हात लावणार. काढून ने रे तिम्मण्णा, कशाला हवंय?"

वनजक्काने तिम्मण्णाकडे पाहिलं. दाक्षायणम्मांनी फोन उचललाच नाही, तर या घराला उद्यापासून डॉक्टर नाही. वनजक्का त्यांच्या जवळ सरकली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला.

"असं समजा, तो भुंगा म्हणजे मीच. तो ऐकू आला की समजा वनजा आहे. मग घाबरायचं नाही. मग नंबर फिरवायचा. दोन, एक, चार."

"तूच ना?"

"मीच."

दाक्षायणम्मांनी रिसिव्हर कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. मग हसल्या. "आज आवाज बसलाय तुझा."

रानातल्या वाटेने परतताना तिम्मण्णा म्हणाला, "चांगली युक्ती काढलीस."

वनजक्का वरच्या तारेकडे बघत गावापर्यंत चालत राहिली. 

बोर्ड दुसऱ्या दिवशी उतरवला. दोऱ्या कापल्या तेव्हा आतून तांबं लालभडक निघालं, काल घडवल्यासारखं. वनजक्का पुढच्या बसने जिल्ह्याला गेली. पहिला महिनाभर गावात गंमत चालली. लोक उचलायचे आणि म्हणायचे, "मंडी दे," मग स्वतःच्याच कपाळाला हात लावून नंबर फिरवायचे. हळूहळू तोही हात कपाळाला जाईनासा झाला. कोण कुठे आहे हे आता कुणालाच माहीत नसायचं. फोन वाजत राहायचा आणि घरात कोणी नसेल तर नसायचं. वासुदेवच्या सायकलच्या चाकातली हवा गेली, ती कुणी भरली नाही. तिम्मण्णाला वाटायचं, सगळं अधिक सोपं झालंय, आणि गाव थोडं बहिरं झालंय.

वैशाखातल्या एका दुपारी नव्या एक्स्चेंजमधल्या माणसाने त्याला सांगितलं, "तुझ्या त्या शेवटच्या लाइनला बिघाड आहे. अर्धा तास झाला, रिसिव्हर खाली नाही. तार तुटून जमिनीला टेकली असणार."

तिम्मण्णा सायकलवरून निघाला. दोनशे एकोणतीस खांब, एकेक बघत. कुठे काही तुटलं नव्हतं. शेवटच्या खांबापाशी पोचेपर्यंत त्याला कळलं होतं की बिघाड तारेत नाही.

दार सताड उघडं होतं. दाक्षायणम्मा स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसल्या होत्या, रिसिव्हर कानाला घट्ट धरून. दुसरा हात खाटेवर, नवऱ्याच्या छातीवर. हेगड्यांचे डोळे उघडे होते आणि त्यांवर एक माशी बसली होती.

"हळू रे," दाक्षायणम्मा कुजबुजल्या. "वनजा शोधतेय."

तिम्मण्णाने हाताने माशी हाकलली.

"जेवताना कळ आली. मी उचलला, लगेच वनजा. भुंगा आला. मी म्हटलं, वनजा, डॉक्टर दे, लवकर. मग टूं टूं करून तिनं कुठंकुठं घंटा दिल्या. मग गप्प झाली. खिडकीत गेली असेल वासुदेवला हाक मारायला. मी ठेवला नाही बघ. ती सांगते ना, ठेवू नका. हेगडे थंड लागतायत का रे? मगाशी घाम होता. आता वारं सुटलंय म्हणून असेल."

त्यांच्या हातातून रिसिव्हर काढून घ्यायला तिम्मण्णाने हात पुढे केला, आणि त्याला ते जमेना. बोटं इतकी घट्ट होती म्हणून नाही. कुणी देवापुढे बसलेलं असावं आणि आपण त्याचा खांदा धरून हलवावा, तसं त्याला वाटलं. त्याने वाकून रिसिव्हरला कान लावला. तिथे काहीच नव्हतं. विहिरीत पाणी नसताना खालून जी शांतता वर येते, ती. या बाईने दीड तास त्यात एक माणूस ऐकला होता. दिसत नव्हतं तरी एवढं ऐकायचं कुठून शिकली, ते त्याला ठाऊक होतं.

डॉक्टर प्रभू त्या वेळी दवाखान्यातच होते, फोनपासून चार हातांवर; पण दोन, एक, चार कुणी फिरवलंच नव्हतं. ते आले, त्यांनी पाहिलं, म्हणाले, "मी आलो असतो तरी," आणि हेगड्यांचे डोळे मिटवले.

तिम्मण्णाने जिल्ह्याला जाऊन वनजक्काला सांगितलं. सगळं सांगितलं, भुंगा, घंटा, खिडकी. सांगावं की नाही याचा त्याने बसमध्ये तीन तास विचार केला होता. पण तिला आवाजावरून कळलंच असतं. ऐकताना तिने टेबलावरचे लिफाफे एकावर एक लावले, पुन्हा काढले, पुन्हा लावले. मग उठून त्याच्याबरोबर निघाली.

केळगिनमनेच्या ओट्यावर पुरुष माणसं बसली होती, मुलगा बंगळुराहून आला होता, शेजारपाजारच्या बायका आत होत्या. तिला पाहून कुणीतरी वाट दिली.  फोनवर वनजा नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं, दाक्षायणम्मांना सोडून. त्यांना सांगायचं कुणाला धैर्य झालं नव्हतं.

"तिम्मण्णा, आणलंस ना वनजाला?"

"आणलं अम्मा."

"बस गं इथं." त्यांनी जमीन थोपटली. वनजक्का बसली. दाक्षायणम्मा बायकांकडे तोंड करून सांगू लागल्या, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. "हिनं दीड तास फोन ठेवला नाही. ह्यांचा जीव गेला तेव्हा घरात मी एकटी नव्हते. ही होती. एवढ्या लांबून हिनं मला सोबत केली. काय गं पोरी, कुठंकुठं शोधलंस डॉक्टरला? कुठं गेले होते एवढा वेळ?"

मुलगा पुढे झाला. "आई, तो आवाज यंत्रा—"

त्याच्या चुलत्याने त्याचा दंड धरला, इतक्या जोरात की वाक्य तिथेच राहिलं.

तिम्मण्णा वनजक्काकडे बघत होता. तिचे ओठ उघडले. आजवर कुणी हाक मारली आणि तिने उत्तर दिलं नाही असं त्याने पाहिलं नव्हतं. एक शब्द बोलली असती तर म्हातारीला लगेच कळलं असतं, त्या शब्दाच्या मागे काय आहे ते. दाक्षायणम्मांनी कान तिच्याकडे वळवला होता, चेहरा जरा वर, पापण्या मिटलेल्या, आणि त्या चेहऱ्यावर शंकेची एक रेघ नव्हती. कुणी कुणावर एवढं सोपवलेलं तिम्मण्णाने कधी पाहिलं नव्हतं, देवळातही नाही.

वनजक्काचे ओठ मिटले. तिने म्हातारीचा हात उचलला, आपल्या गळ्यावर ठेवला, आवाज जिथून निघतो तिथे, आणि क्षणभर तसाच धरला. मग तो हात परत तिच्या मांडीवर ठेवून ती उठली. बायकांच्या मधून, पुरुषांच्या मधून, पुढच्या दाराने ती उन्हात उतरली आणि मागे न बघता, काहीही न बोलता चालू लागली.